इंग्रजी शंका-समाधान : नामाआधी येणारा 'कंपॅरेटिव्ह'

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गाठीपाशी येऊन थांबतात : 'कंपॅरेटिव्ह', म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप. 'धिस रूम इज लार्जर' एवढं सगळ्यांना जमतं. पण तेच विशेषण उचलून नामाच्या आधी ठेवायचं झालं, 'अ लार्जर रूम' असं, की 'अ' कुठे, 'दॅन' कुठे, 'मोअर' लावायचं की नाही, सगळंच डळमळतं. व्याकरणाच्या तासाला 'राम इज टॉलर दॅन श्याम' या साच्यावर भरपूर वेळ जातो आणि नामाआधीची रचना हात न लावताच पुढे सरकते. जाहिरात, अर्ज, ईमेल, निबंध यांत मात्र हीच रचना जास्त लागते. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (एक पालक, डिचोली) : मुलगी मराठी प्राथमिक शाळेतून यंदा पाचवीला इंग्रजी माध्यमात गेली. ती 'वी हॅव अ बिग हाउस दॅन अंकल' असं लिहिते. कधी कधी 'वी हॅव दॅन अंकल्स हाउस बिग हाउस' असंही. समजावलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. तिचं नेमकं कुठे अडतं?

उत्तर : तिला तुलना कळत नाही असं मुळीच नाही. ती मराठीचा नियम इमानेइतबारे पाळते आहे. 'मोठं घर' म्हणा की 'काकांच्या घरापेक्षा मोठं घर' म्हणा, 'मोठं' हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' करतं. घरात कोंकणी असेल तरी तेच, फक्त 'पेक्षा'च्या जागी 'परस'. त्यामुळे 'दॅन' लिहिलं की तुलना झाली असं तिला वाटतं आणि 'बिग' तसाच राहतो. दुसऱ्या वाक्यातली चूक क्रमाची आहे. मराठीत 'काकांच्या घरापेक्षा' हा भाग 'मोठं घर'च्या आधी येतो, तो तिने तसाच आधी ठेवला.

इंग्रजीत काम दोघांत वाटलेलं आहे. विशेषण आपलं रूप बदलतं आणि नामाच्या आधी राहतं. 'दॅन' आणि त्याच्यापुढचं सगळं नामाच्या मागून येतं. म्हणजे नाम मधोमध. तिच्याकडून हे तीन पायऱ्यांत करून घ्या. आधी तुलना विसरून साधं लिहायचं : 'अ बिग हाउस'. मग फक्त विशेषणाला हात लावायचा, बाकी काही हलवायचं नाही : 'अ बिगर हाउस'. इथे थांबून वाचायचं, कारण एवढंच लिहिलं तरी ते पूर्ण आणि बरोबर आहे. शेवटी 'हाउस'च्या पुढे 'दॅन अवर अंकल्स' जोडायचं. कागदाच्या पाच पट्ट्या करा : 'अ', 'बिगर', 'हाउस', 'दॅन', 'अवर अंकल्स'. 'बिगर'च्या पट्टीच्या मागच्या बाजूला 'बिग' लिहा. टेबलावर मांडताना पट्टी उलटली तरच 'दॅन' ठेवता येईल असं ठरवून घ्या. एका वेळी एकच वाक्य घेऊ नका. 'अ बिग ट्री', 'अ हेवी बॅग', 'अ लाँग रोड' अशी चार-पाच लागोपाठ घ्या, म्हणजे तिला वाक्य नव्हे तर साचा आठवणीत राहील.

'अंकल' की 'अंकल्स' हा मुद्दा त्यानंतरच काढा. आपण 'काकांपेक्षा मोठं घर' असं बोलताना सर्रास म्हणतो, म्हणून 'दॅन अंकल' तिला खटकत नाही. घराची तुलना घराशी होते, म्हणून 'अंकल्स' म्हणजे काकांचं, 'एस'च्या आधी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह देऊन. किंवा 'वी हॅव अ बिगर हाउस दॅन अवर अंकल हॅज' असं क्रियापदासकट लिहिलं तरी चालतं. क्रियापदाविना 'दॅन अवर अंकल' हे बोलण्यात चालून जातं आणि व्याकरणाला धरूनही आहे. फक्त लिहिताना पहिल्या दोनपैकी एक रूप वापरलं तर शंकेला जागा राहत नाही.

स्पेलिंगचं एक सांगून ठेवू. 'बिगर'मध्ये 'जी' दोनदा येतो, कारण 'बिग'मध्ये शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन आहे. 'हॉट', 'थिन', 'वेट' यांचंही तसंच. 'चीप'मध्ये स्वर दोन, म्हणून 'पी' एकदाच. 'लाँग'मध्ये शेवटी व्यंजनं दोन, म्हणून तिथेही काही वाढत नाही. 'हेवी'चा 'वाय' जाऊन 'आय' येतो आणि मग 'ई-आर'.

प्रश्न (होमस्टे चालवणारे, म्हापसा) : आमच्या जाहिरातीत 'वी हॅव मोअर क्लीन रूम्स अँड मोअर फ्रेश फिश' असं छापलं. एका पाहुण्याने विचारलं, म्हणजे एकूण खोल्या किती? आमचं म्हणणं स्वच्छतेबद्दल होतं. चूक कुठे झाली?

उत्तर : 'मोअर'ची दोन वेगळी कामं आहेत आणि इथे ती एकमेकांत अडकली. एक 'मोअर' नामाशी जोडलेला असतो, तेव्हा अर्थ संख्येचा किंवा प्रमाणाचा : आणखी खोल्या, आणखी मासळी. दुसरा 'मोअर' विशेषणाशी जोडलेला असतो, तेव्हा अर्थ गुणाचा : जास्त महाग, जास्त अनुभवी. 'क्लीन' आणि 'फ्रेश' एका अवयवाचे, म्हणजे उच्चाराचा एकच ठोका (सिलेबल) असलेले छोटे शब्द आहेत. त्यांचं तुलनेचं रूप 'क्लीनर' आणि 'फ्रेशर'. ते रूप तयार असताना तुम्ही ते वापरलं नाही, म्हणून वाचणाऱ्याने 'मोअर' नामाला जोडला आणि स्वच्छ खोल्यांची संख्या वाढली असं वाचलं. त्याने बरोबरच वाचलं. 'क्लीनर रूम्स अँड फ्रेशर फिश' असं असतं तर हा प्रश्न आला नसता.

लांब विशेषणांत ही सोय नसते. 'वी नीड मोअर एक्सपिरिअन्स्ड कुक्स' याचे दोन्ही अर्थ खरोखर होतात : अनुभवी आचारी आणखी हवेत, किंवा सध्याच्यांपेक्षा जास्त अनुभव असलेले हवेत. 'जास्त अनुभवी आचारी हवेत' या मराठी वाक्यातही हेच दोन अर्थ दडलेले आहेत, म्हणून लिहिणाऱ्याला गोंधळ जाणवत नाही. बोलताना कुठे जोर दिला यावरून कळतं, छापलेल्या ओळीत ती मदत नसते. यातून सुटायचे मार्ग असे. एकच माणूस हवा असेल तर एकवचन घ्या : 'अ मोअर एक्सपिरिअन्स्ड कुक'. 'अ' आला की संख्येचा अर्थ संपलाच. संख्या सांगायची असेल तर आकडा घाला आणि 'मोअर' थेट नामाला जोडा : 'टू मोअर कुक्स विथ एक्सपिरिअन्स', म्हणजे आणखी दोन. गुण सांगायचा असेल तर विशेषण नामामागे न्या : 'कुक्स विथ मोअर एक्सपिरिअन्स'. हा शेवटचा मार्ग आम्हाला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

कोणत्या शब्दाला 'अर' आणि कोणत्याला 'मोअर', याचा कामापुरता हिशेब इतकाच : एक अवयव असेल तर 'अर', दोन अवयव आणि शेवटी 'वाय' असेल तर 'वाय'चा 'आय' करून 'अर', जसं 'ईझिअर', 'हॅपिअर'; 'नॅरो', 'सिंपल', 'क्लेव्हर', 'क्वाएट' यांनाही 'अर' चालतं; बाकीच्या दोन अवयवांच्या आणि त्याहून लांब शब्दांना 'मोअर'. 'टायर्ड', 'बोअर्ड' हे लहान दिसले तरी क्रियापदापासून आलेले, म्हणून 'मोअर टायर्ड'. 'गुड'चं 'बेटर' आणि 'बॅड'चं 'वर्स' ही स्वतंत्र रूपं. आणि दोन्ही एकत्र कधीच नाही. 'मोअर बेटर सर्व्हिस' ही पाटी किनारपट्टीवर हटकून दिसते. त्यातला 'मोअर' पुसला की वाक्य सुधारतं.

तुमच्या जाहिरातीबद्दल आमचं आणखी एक स्पष्ट मत. 'क्लीनर रूम्स' वाचल्यावर वाचणारा मनात 'कशापेक्षा?' असं विचारतो. 'दॅन' दिलेलं नाही, म्हणून तो स्वतःच काहीतरी भरतो, आणि 'पूर्वीपेक्षा' हे उत्तर त्याला सहज सुचू शकतं. मग पूर्वी खोल्या अस्वच्छ होत्या असा अर्थ निघतो. 'क्लीन रूम्स, फ्रेश फिश' एवढंच लिहा. तुलना तिथेच करा जिथे दुसरी बाजू सांगता येते : 'लोअर रेट्स फ्रॉम जून टू सप्टेंबर' हे ठीक आहे, कारण कशापेक्षा कमी ते महिन्यांवरून कळतं.

प्रश्न (शिक्षिका, फोंडा) : 'अ' घ्यावा की 'द', आणि 'ॲन' कधी, यात मुलं गोंधळतात. 'एल्डर' आणि 'ओल्डर'चाही खुलासा करावा.

उत्तर : 'अ' आणि 'ॲन' ठरतो तो लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावरून, नामावरून नव्हे. म्हणून 'अ हाउस' पण 'ॲन ओल्डर हाउस'. मुलं जिथे हमखास चुकतात ती जागा उलट दिशेची आहे : 'ॲन एक्सपेन्सिव्ह रूम' लिहायची सवय झालेली असते, मग तुलना करताना 'ॲन मोअर एक्सपेन्सिव्ह रूम' होऊन बसतं. 'मोअर' मध्ये आला की 'ॲन'चा 'अ' झालाच पाहिजे. फळ्यावर या जोड्या शेजारी-शेजारी लिहून घ्या : 'ॲन इंटरेस्टिंग बुक, अ मोअर इंटरेस्टिंग बुक', 'अ गुड आयडिया, अ बेटर आयडिया', 'अ कोल्ड डे, अ कोल्डर डे'. 'अ डिफिकल्ट पेपर, ॲन ईझिअर पेपर' असं विरुद्धार्थीही घ्या. मोठ्याने वाचून घेतलं की जीभच चूक पकडते.

'अ' की 'द' हा प्रश्न वेगळा. एखादी गोष्ट पहिल्यांदा समोर येते तेव्हा 'अ' : 'वी नीड अ लार्जर हॉल'. कुठलाही चालेल, आत्ताच्यापेक्षा मोठा असला म्हणजे झालं. दोनच गोष्टी समोर आहेत आणि त्यातली एक निवडायची आहे तेव्हा 'द' : 'देअर आर टू हॉल्स, वी वॉन्ट द लार्जर वन'. 'द लार्जर ऑफ द टू' या रचनेत 'अ' कधीच येत नाही. तीन किंवा जास्त असतील तर 'द लार्जेस्ट'. आणि नामाआधी 'माय', 'अवर', 'देअर' यांपैकी काही आलं की 'अ' आणि 'द' दोघांचीही सुट्टी : 'माय यंगर सिस्टर', 'अवर बेटर प्लेअर्स'.

'एल्डर' सहसा नामाच्या आधी आणि सहसा नात्यातल्या माणसांसाठी : 'माय एल्डर ब्रदर'. 'दॅन' आलं की 'एल्डर' बाद : 'ही इज ओल्डर दॅन मी', 'एल्डर दॅन मी' नाही. इमारत, देऊळ, झाड यांना 'एल्डर' लागत नाही. 'ॲन ओल्डर टेम्पल' म्हणायचं. 'माय ओल्डर ब्रदर' हेही पूर्ण बरोबर आहे, उत्तरपत्रिकेत ते कापू नये अशी विनंती.

प्रश्न (कार्यालयीन कर्मचारी, मडगाव) : 'व्हेरी बिगर ऑफिस' चूक आहे हे सांगितलं गेलं. मग 'खूप मोठं ऑफिस' असं तुलनेने कसं म्हणायचं? आणि 'मच मोअर' व 'मेनी मोअर' यांत फरक काय?

उत्तर : 'व्हेरी' साध्या विशेषणाला : 'अ व्हेरी बिग ऑफिस'. तुलनेच्या रूपाला 'मच', 'फार' किंवा 'अ लॉट'. हा 'फार' इंग्रजी शब्द आहे, पण काम मराठी 'फार'सारखंच करतो, म्हणून लक्षात ठेवायला सोपा : 'अ फार बेटर रोड'. थोडाच फरक असेल तर 'स्लाइटली' किंवा 'अ लिटल' : 'अ स्लाइटली चीपर फ्लॅट'. नामाआधीच्या रचनेत 'मच', 'फार', 'स्लाइटली' यांची जागा नेहमी 'अ'च्या नंतर आणि विशेषणाच्या आधी. 'मच अ बिगर ऑफिस' असं होत नाही. 'अ मच बिगर ऑफिस'.

आता 'मेनी' आणि 'मच'. इथे पुन्हा तोच प्रश्न विचारायचा : 'मोअर' कोणाचा आहे, नामाचा की विशेषणाचा? नामाचा असेल आणि नाम मोजता येत असेल तर 'मेनी मोअर फाइल्स'. मोजता येत नसेल तर 'मच मोअर वर्क'. विशेषणाचा असेल तर नाम काहीही असो, 'मच'च : 'मच मोअर एक्सपेन्सिव्ह फ्लॅट्स'. फ्लॅट मोजता येतात म्हणून 'मेनी' लावायला गेलात तर अर्थ बदलून 'आणखी पुष्कळ महाग फ्लॅट' असा संख्येकडे झुकतो. तसंच 'मच बिगर फाइल्स' म्हणजे आकाराने कितीतरी मोठ्या फाइली, आणि 'मेनी बिगर फाइल्स' म्हणजे मोठ्या अशा पुष्कळ फाइली. म्हापशाच्या प्रश्नातला आचाऱ्यांचा गोंधळही इथे सुटतो : 'मच मोअर एक्सपिरिअन्स्ड कुक्स' म्हटलं की तो गुणच.

'दुप्पट मोठं ऑफिस' यासाठी मात्र 'ट्वाइस बिगर' टाळा. 'ॲन ऑफिस ट्वाइस ॲज बिग ॲज अवर्स' असं लिहा. हा भाग नामाच्या मागे जातो.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पेडणे) : 'गोवा इज अ स्मॉलर स्टेट दॅन एनी स्टेट इन इंडिया' या वाक्यात चूक काढायला सांगितली होती. शिवाय 'गोवा हॅज मोअर पॉप्युलेशन दॅन सिक्कीम' हेही चूक दाखवलं. दोन्ही समजली नाहीत.

उत्तर : पहिल्या वाक्यात 'एनी'नंतर 'अदर' हवं. गोवाही भारतातलंच एक राज्य, म्हणून 'एनी स्टेट'मध्ये गोवा स्वतःपेक्षाच लहान ठरतो. 'गोवा इज अ स्मॉलर स्टेट दॅन एनी अदर इन इंडिया' हे बरोबर. तुलना बाहेरच्या गटाशी असेल तर 'अदर' नको : 'गोवा इज अ स्मॉलर प्लेस दॅन एनी कंट्री इन साउथ अमेरिका'.

दुसऱ्या वाक्यात चूक शब्दांच्या जोडीची आहे. लोकसंख्या हा एक आकडा आहे आणि आकडा मोठा किंवा लहान असतो, म्हणून 'लार्जर पॉप्युलेशन', 'स्मॉलर पॉप्युलेशन'. 'मोअर' हवाच असेल तर 'मोअर पीपल'. वस्तुस्थिती घालून वाक्य करू. गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, सिक्कीमचं 7,096. पण 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या पुढे आणि सिक्कीमची सहा लाखांच्या थोडी वर. तेव्हा 'गोवा इज अ स्मॉलर स्टेट दॅन सिक्कीम, बट इट हॅज अ लार्जर पॉप्युलेशन'. या एका वाक्यात नामाआधीची रचना दोनदा आली : पहिल्या वेळी 'दॅन' लिहून, दुसऱ्या वेळी 'दॅन सिक्कीम' गाळून, कारण ते आधीच सांगून झालं आहे. निबंधात असं वाक्य फार उपयोगी पडतं.

अशाच काही जोड्या पाठ कराव्यात. किंमत 'चीपर' नसते, 'लोअर प्राइस' असते. 'चीपर' असते ती वस्तू. पगार 'हायर सॅलरी'. चहा 'स्ट्राँगर टी'. रहदारी 'हेविअर ट्रॅफिक'. पावसात दोन्ही चालतात, पण अर्थ निराळे : 'मोअर रेन' म्हणजे एकूण जास्त पाऊस, जसा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाळपईला मुरगावपेक्षा होतो, 'हेविअर रेन' म्हणजे जोराचा, मग तो पंधरा मिनिटंच पडलेला का असेना.

नामाआधीच्या रचनेची आणखी एक खुबी परीक्षेत विचारली जाते. 'सिक्कीम इज बिगर दॅन पणजी' हे चालतं, कारण दोन जागांची तुलना आहे. 'सिक्कीम इज अ बिगर स्टेट दॅन पणजी' चालत नाही. 'स्टेट' हे नाम मधे आलं की दोन्ही बाजू राज्यंच असावी लागतात, आणि पणजी हे शहर आहे. मधलं नाम दोघांनाही लागू पडतं का, हे तपासून मगच वाक्य पुढे न्यावं. 'दूधसागर इज अ हायर वॉटरफॉल दॅन हरवळे' यात दोन्ही धबधबे, म्हणून अडचण नाही.

प्रश्न (काणकोण) : 'सुपीरिअर दॅन' का चूक?

उत्तर : 'सुपीरिअर', 'इन्फिरिअर', 'सीनिअर', 'ज्युनिअर' हे लॅटिनमधून आलेले मुळातच तुलनेचे शब्द आहेत, यांच्यामागे 'दॅन' नाही, 'टू' (to). 'मोअर सुपीरिअर'ही नको. नामाआधी एकटेच येतात : 'अ सुपीरिअर काजू', म्हणजे वरच्या प्रतीचा. 'अ मोअर सीनिअर ऑफिसर' मात्र रूढ आहे आणि बरोबर मानतात, कारण 'सीनिअर' आता साध्या विशेषणासारखा वापरला जातो.

प्रश्न (पर्यटन व्यवसायातील वाचक, पणजी) : 'कमी गर्दीचा किनारा' याला 'लेस क्राउडेड बीच' म्हणतो. मग 'कमी मोठी खोली' याला 'लेस बिग रूम' चालेल का?

उत्तर : 'अ लेस क्राउडेड बीच दॅन कळंगुट' हे उत्तम आहे. लांब विशेषणांना 'लेस' बसतं. छोट्या विशेषणांना ते क्वचितच लावतात. तिथे उलट अर्थाचा शब्द घ्या, 'अ स्मॉलर रूम'. किंवा 'नॉट ॲज' वापरा, पण मग 'अ'ची जागा बदलते हे विसरू नका : 'नॉट ॲज बिग अ रूम ॲज द अदर वन'. 'ॲज', 'सो', 'टू' (too), 'हाउ' यांच्यामागे आधी विशेषण, मग 'अ', मग नाम. 'टू स्मॉल अ रूम', 'हाउ बिग अ रूम'. 'बिगर', 'स्मॉलर' यांच्या बाबतीत हा क्रम कधीच नाही. 'बिगर अ रूम' लिहिलेलं दिसलं तर 'अ' उचलून पुढे आणा. नकारार्थी किंवा प्रश्नार्थी वाक्यात 'नो' किंवा 'एनी' आला की 'अ' लागतच नाही : 'देअर इज नो क्वाएटर बीच निअरबाय', 'डू यू हॅव एनी चीपर रूम्स?' हे शेवटचं वाक्य तर पाहुण्यांच्या तोंडून तुम्हाला रोज ऐकू येत असेल. त्याचं उत्तर 'येस, वी हॅव अ चीपर वन' असं द्या, 'वन'शिवाय 'अ चीपर' एवढ्यावर वाक्य थांबवू नका.